सप्टेंबरात स्की करायला बर्फ कुठे शोधायचा? सिएटलला गेलेल्या एका नाशिककराला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मूळचा सिडकोतला, दोन वर्षांपासून सिएटलला नोकरीला आहे, दोन हिवाळे स्की शिकलाय आणि ब्लू रन, म्हणजे रिसॉर्टवरचे मध्यम अवघड उतार, निवांत उतरतो. त्याच्या ऑफिसातले दोघं-तिघं ऑगस्ट-सप्टेंबरात पाठीला स्की बांधून डोंगर चढतात आणि उरलासुरला बर्फ शोधून त्यावर स्की करून येतात. तो विचारतोय की हे नक्की काय प्रकरण आहे, बर्फ सापडतो कसा, आपल्याला जमेल का आणि एवढ्या खटाटोपाला काही अर्थ आहे का.

मी सिएटलच्या बाजूला अकरा वर्षं होतो, त्यातली सात वर्षं बाराही महिने, म्हणजे दर महिन्यात निदान एकदा तरी, स्की केलंय. तिकडे हा नाद बऱ्याच लोकांना असतो. कोलोरॅडोतला रेनर हर्ट्रिच नावाचा माणूस तर २००३ ते २०१२ सलग २,९९३ दिवस स्की करत होता, एक दिवस खाडा नाही, त्याच्यापुढे आपण महिन्यातून एकदा जाणारे म्हणजे अगदीच संसारी लोक. आता पाच वर्षं झाली मी परत नाशकात आहे. तू वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. हिशोब मांडलास तर काहीच अर्थ नाही. पहाटे चारला उठायचं, अडीच तास गाडी चालवायची, पाठीवर बारा-तेरा किलो घेऊन चार तास चढायचं, आणि मग स्की किती? मी एकदा सप्टेंबरात घड्याळ लावून बघितलं होतं, उरलेल्या बर्फाच्या एकाच तुकड्यावर, म्हणजे पॅचवर, चार वेळा वर-खाली केलं आणि प्रत्यक्ष स्कीवर असण्याचा वेळ भरला साडेतीन मिनिटं. घरी आल्यावर बायकोने विचारलं कसं झालं, म्हटलं एक नंबर, तिने आकडा ऐकला आणि काही न बोलता भात टाकायला गेली. तर हे स्की म्हणून धरलंस तर निराश होशील, हा ट्रेक आहे ज्याच्या मधोमध साडेतीन मिनिटं स्की आहे. तू लिहिलंयस की कॉलेजात असताना हरिहर, अंजनेरी, साल्हेर सगळं झालंय, मग अर्धं काम झालेलंच आहे, तिकडच्या रिसॉर्टवर वाढलेल्या पोरांपेक्षा तू या बाबतीत पुढे आहेस, मस्करी नाही करत.

का ते सांगतो. हिवाळ्यात सगळे एकच विचारतात की किती पडला. सप्टेंबरात त्या प्रश्नाला काही किंमत नसते, तेव्हा विचारायचं की साचला कुठे आणि त्याला उन्हापासून कोणी जपलं. आपण एप्रिलमध्ये एखाद्या गडावर पाणी शोधतो तेव्हा काय करतो, पावसाळ्यात किती इंच पडला हे कोणी काढत बसतं का? कातळात खोलगट जागा कुठे आहे, पाणी कुठून वाहत येत असणार, सावली कुठे टिकते, गुरांची वाट कुठे वळते, हेच बघत टाक्यापर्यंत पोचतो ना. सप्टेंबरातला बर्फ डिट्टो असाच शोधायचा असतो.

आता तो उरतो कुठे. पहिलं म्हणजे सावली, तिकडे सूर्य कायम दक्षिणेकडून येतो त्यामुळे उत्तरेकडे आणि ईशान्येकडे तोंड असलेले उतार. ईशान्य जास्त चांगली, कारण सकाळचं ऊन गार असतं आणि दुपारचं तापलेलं ऊन डोंगराच्या पाठीमागे अडतं. दुसरं वारा, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. कॅस्केड्समध्ये, म्हणजे सिएटलजवळच्या डोंगररांगेत, हिवाळी वादळं बहुतेक नैऋत्येकडून येतात, ती डोंगराच्या धारेच्या अलीकडचा बर्फ उचलून धारेपलीकडे नेऊन टाकतात, त्यामुळे धारेच्या मागच्या बाजूला, बरोबर कड्याच्या पायाशी, पडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ साठतो. तिसरं ॲव्हलांच, वरून कोसळलेला बर्फ नळीच्या, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी येऊन असा दाबून बसतो की सिमेंट. म्हणून आपल्या भाषेत सांगायचं तर बर्फ सोंडेवर शोधू नकोस, नळीत शोध, आणि नळी जिथे उघडते तिथे खाली शोध. साधा ताजा बर्फ वजनाला पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतका असतो, सप्टेंबरपर्यंत टिकलेला पाण्याच्या निम्म्याच्या वर जातो, हातात घेतलास की कळतं की हा वेगळाच पदार्थ आहे.

उंचीचा भाग आहेच, पण आपण समजतो तेवढा नाही. सिएटलजवळच्या माउंट रेनियर या डोंगराच्या उतारावर पॅराडाइज म्हणून जागा आहे, जिथे तू गाडी लावशील, तिची उंची १,६४६ मीटर. कळसूबाईची उंची पण १,६४६ मीटर. मी पहिल्यांदा ते मीटरमध्ये करून बघितलं तेव्हा पार्किंगमध्येच हसायला लागलो, आपल्या महाराष्ट्राच्या छपरावर यांनी गाड्या लावल्यात. तिथे वर्षाला सरासरी सोळा मीटर बर्फ पडतो, १९७१-७२ च्या हिवाळ्यात साडेअठ्ठावीस मीटर पडला होता. आणि कळसूबाईवर मे महिन्यात देवीच्या देवळासमोर चप्पल काढली तर पाय पोळतात. आता उलट बाजूचं उदाहरण, स्कॉटलंडमध्ये ब्रेरिआख नावाचा डोंगर आहे, १,२९६ मीटर, कळसूबाईपेक्षाही बुटका, त्याच्या एका खोल कुशीत स्फिंक्स म्हणून बर्फाचा पॅच आहे जो अख्ख्या विसाव्या शतकात फक्त तीन वेळा पूर्ण वितळला, १९३३, १९५९ आणि १९९६. नंतर मात्र २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१ असा पटापट जायला लागला. म्हणजे जागा चांगली असली तर कमी उंचीवर पण बर्फ तग धरतो, आणि हवाच तापली तर चांगल्या जागेचं पण काही चालत नाही.

घरी बसून करायचं काम बरंच आहे. सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात, सेंटिनेल-२ चे, साधारण दर पाच दिवसांनी नवीन, कोपर्निकस ब्राउझर नावाच्या वेबसाइटवर बघता येतात. एक ठिपका म्हणजे दहा मीटर, त्यामुळे तीस मीटर रुंद पॅच असेल तर जेमतेम तीन ठिपके दिसतात, पण दिसतात. माझी पद्धत अशी की यंदाचा फोटो बघायच्या आधी मागच्या तीन-चार वर्षांचे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचे फोटो काढायचे. पॅच दरवर्षी लहान-मोठा होतो पण जागा सोडत नाही, जिथे चारही वर्षी पांढरं आहे तिथे यंदाही काहीतरी असणारच. दोन गोष्टींनी फसायला होतं, एक म्हणजे ढगाची कड आणि दुसरं म्हणजे सुट्या दगडांचा फिकट रंगाचा घसारा, तो वरून हुबेहूब बर्फासारखा दिसतो. मी एकदा पाच तास चालून एका सुंदर पांढऱ्या घसाऱ्यापाशी पोचलो होतो. सोबत एक मराठी मित्र होता, त्याने शांतपणे सॅक खाली ठेवली आणि म्हणाला, चला, आता चिवडा तरी खाऊ. त्यानंतर तो आला नाही. त्या बर्फाची जाडी मोजणाऱ्या ऑटोमॅटिक स्टेशनांचे आकडे बघत बसू नकोस, ती उघड्यावर असतात, जुलै-ऑगस्टपासून शून्यच दाखवतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जंगलाच्या वणव्यांचा धूर असतो, तो दिवस सरळ सोडून द्यायचा, धुरात चार तास चढून छाती भरून घेण्यात काही मर्दुमकी नाही.

पाठीवर स्की बांधायची पद्धत आत्ताच शिकून घे. दोन्ही स्की सॅकच्या दोन बाजूंना आणि वर टोकं एकत्र बांधून तंबूसारखी. झाडीतून जाताना ती टोकं प्रत्येक फांदीला अडकतात, मान खाली घालून नवरदेवासारखं चालावं लागतं, आणि उतरताना मागची टोकं पोटरीवर आपटतात, ती जितकी वर बांधता येतील तितकी बांध. स्की बूट घालून चालू नकोस, साध्या ट्रेकिंगच्या बुटात चाल आणि ते दोन धोंडे सॅकमध्ये. वाटेत कुरणं लागतील, फुलांची, पार्कवाले त्याबद्दल फार कडक आहेत आणि बरोबरच आहेत, तिकडचा उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा, एकदा तुडवलेलं झुडूप भरून यायला कित्येक वर्षं जातात. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक अशी जात आहे की तिला नावच अंजनेरीवरून दिलंय, तिथे आपण पाय कसा जपून टाकतो, तसंच. वाट सोडायची ती फक्त कातळावर नाहीतर बर्फावर.

आता मुख्य मुद्दा. पॅच दिसला, मस्त लांबलचक पांढरा, घाम आलाय, मन म्हणतं घाल स्की. नाही घालायचे. सॅक खाली ठेव, पाणी पी आणि पॅचच्या खालच्या टोकाला जा. तिथे बघ पाणी कसं बाहेर पडतंय. ठिबकत असेल तर ठीक, पण ओढ्यासारखं खळाळत बाहेर येत असेल तर समजायचं की पॅचखाली पूर्ण लांबीचा बोगदा आहे आणि तू ज्याला उतार समजतोयस ते छप्पर आहे. वाकून आत बघ, आत शिरू नकोस, नुसतं बघ. निळसर उजेड असतो, छताला शिंपल्यासारखे खळगे पडलेले असतात, सतत टप टप चालू असतं आणि फ्रिज उघडल्यासारखी गार हवा तोंडावर येते. कडेला छताची जाडी किती आहे ते दिसतं, एका पॅचवर मी बघितलं तर वरून भक्कम दिसणारी कड जेमतेम वीतभर होती, बाजूने उजेड आरपार येत होता. मग कडेने वर चढत जा आणि दर चार पावलांवर पोल, म्हणजे स्कीची काठी, उलटा करून ठोक. भरीव असला तर हाताला झिणझिणी येते, पोकळ असला तर ढब्ब आवाज येतो, रिकाम्या पिंपासारखा. वरच्या बाजूला बर्फ आणि कातळ यांच्यात फट असते, कातळ उन्हाने तापतो आणि बर्फ मागे सरकतो, काही ठिकाणी ती दोन-तीन माणसं खोल असते, तिच्या कडेवर उभं राहून स्की घालायचा शहाणपणा करू नकोस, पाच-सहा मीटर खालून सुरुवात कर.

अजून एक, पॅचवर दगड पडलेत का बघ. बर्फावर स्वच्छ, ओला, धारदार दगड नुसता वर बसलेला असेल तर तो आजच पडलाय, आणि जिथून तो आला तिथे त्याचे भाऊबंद आहेत. दुपारी ऊन लागलं की ते सुटतात. सह्याद्रीत माकडं दगड पाडतात, इथे सूर्य पाडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली काय आहे. पॅचच्या मध्यावर उभं राहून स्वतःला विचारायचं की इथून स्की निसटून पाठीवर पडलो तर थांबेन कुठे. उत्तर जर हळूहळू सपाट होत जाणारा बर्फ असेल तर चालू. उत्तर जर दगड, तळं नाहीतर कडा असेल तर स्की परत पाठीला बांधायचे, मग पॅच कितीही देखणा असो. हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझ्या पहिल्या सप्टेंबरात मी हुशारी करून सकाळी साडेसातला पॅचवर पोचलो, म्हटलं लवकर उरकू. रात्री आभाळ स्वच्छ होतं, बर्फ रात्रभर गोठून फरशीसारखा झालेला. दुसऱ्याच वळणाला स्कीच्या कडा सरकल्या आणि मी आडवा. वॉटरप्रूफ पँट आणि जॅकेटवर माणूस बर्फावरून किती वेगात जातो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही, विचार करायला वेळच मिळत नाही, चाळीस-पन्नास मीटर गेलो आणि थेट घसाऱ्यात. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं, एक पोल वाकला, हेल्मेटला चीर. हाड मोडलं नाही हे नशीब, कारण तिथून गाडीपर्यंत तीन तास चाल होती आणि फोनला रेंज नव्हती. त्या दिवशी मी खालचे दगड बघितले होते बरं का, बघितलेच नव्हते असं नाही, फक्त आपण पडणार नाही असं गृहीत धरलं होतं.

म्हणून वेळ. उन्हाळ्यातल्या बर्फाला घाई चालत नाही. रात्री गोठतो, सकाळी कडक, मग ऊन लागून वरचा थर हळूहळू सुटा होतो. दाणे मोकळे झाले की उत्तम, साबुदाणा नीट भिजल्यावर कसा दाबला की दबतो पण चिकटत नाही, अगदी तसा बर्फ पाहिजे. बुटाची टाच मारून बघ, टाच दोन-तीन सेंटीमीटर रुतली पाहिजे. रुतलीच नाही तर चिवडा खात बस. घोट्यापर्यंत गेली तर उशीर झाला, आता गिचका आहे, गुडघे पिळवटून निघतात. ईशान्येच्या पॅचला साधारण दहा ते एकच्या मध्ये ही वेळ मिळते, पण आभाळ असेल तर दिवसभर मऊ होतच नाही, तेव्हा नुसता ट्रेक झाला समजून परत फिरायचं.

उतरताना कसं वाटतं विचारलंयस. सप्टेंबरात बर्फ सपाट नसतो, ऊन आणि वाऱ्याने त्यावर वाट्या पडलेल्या असतात, तिकडे त्यांना सनकप म्हणतात. आप्पेपात्र डोळ्यासमोर आण, ते पन्नास मीटर लांब कर आणि तिरकं लाव, झाला पॅच. प्रत्येक वाटीच्या कडेला स्की आपटतो, दात वाजतात, पायांत थोडं अंतर ठेव, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि वळण घाईने नाही तर वाटीच्या काठावर आल्यावर घ्यायचं. काही पॅचवर पाण्याच्या उभ्या पन्हाळी पडलेल्या असतात, त्या आडव्या कापायला गेलास की स्कीचं टोक अडकलंच, त्यांच्या दिशेनेच उतर. तुझं ब्लू रनचं कौशल्य पुरेल का? ब्लू रन साधारण पंधरा-वीस अंशांचा असतो, आणि हे पॅच कड्याच्या कुशीत असल्यामुळे पंचवीस ते पस्तीस अंशांचे निघतात. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप टाक, पोल उतारावर आडवा ठेवून त्यावर फोन ठेव. पहिल्या वर्षी पंचवीसच्या वर जाऊ नकोस.

बर्फ काही ठिकाणी गुलाबी दिसेल, कलिंगडाच्या रसासारखा. ते शेवाळ आहे, बर्फावरच जगतं, उन्हापासून बचावासाठी लाल रंग तयार करतं आणि त्या रंगामुळे ऊन जास्त शोषलं जाऊन बर्फ उलट लवकर वितळतो. तो बर्फ बाटलीत भरू नकोस, पोट बिघडतं म्हणतात, मी प्रयोग केलेला नाही. आणि संध्याकाळपर्यंत थांबलास, ग्लेशियरच्या जवळपास असशील, तर बर्फावर एक-दोन सेंटीमीटरचे काळे दोरे वळवळताना दिसतील, बर्फातले किडे, खरंच, दिवसा आत असतात, ऊन गेलं की वर येतात, शून्याच्या आसपासच जगतात आणि हातावर घेतलास तर तळहाताच्या उबेने मरतात. घेऊ नकोस.

जागा. पहिल्यांदा जायचं तर रेनियरवरचं मुइर स्नोफील्ड, दुसरं नाव सांगणार नाही. पॅराडाइजला गाडी, स्कायलाइन ट्रेलने वर, पेबल क्रीक ओलांडला की साधारण २,२०० मीटरवर कायमचा बर्फ सुरू होतो तो थेट ३,१०५ मीटरवरच्या कॅम्प मुइरपर्यंत. पूर्ण चढ साडेचौदाशे मीटरचा, म्हणजे बारी गावातून कळसूबाई करतो त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि शिड्या नाहीत. तुला वरपर्यंत जायची काही गरज नाही, मधला कुठलाही चांगला तुकडा धर आणि त्यावरच तीन-चार फेऱ्या मार. उतार सौम्य आहे, लोकांची ये-जा असते, पहिल्या अनुभवाला हेच पाहिजे. पण एक धोका आहे आणि तो मोठा आहे, ढग. अर्ध्या तासात असा ढग येतो की स्वतःच्या स्कीचं टोक दिसत नाही, खाली पांढरं वर पांढरं, समोर चढ आहे की उतरण हे पण कळत नाही. श्रावणात हरिहरवर धुकं अनुभवलंयस, पण तिथे पायाखाली निदान दगडी पायऱ्या असतात. इथे एका बाजूला निस्क्वाली ग्लेशियर आणि दुसऱ्या बाजूला पॅराडाइज ग्लेशियर, थोडा तिरका उतरलास की भेगांच्या प्रदेशात, आणि याच स्नोफील्डवर वाट चुकून माणसं गेलेली आहेत. चढताना जीपीएस ट्रॅक रेकॉर्ड कर, फोन गार पडून बंद पडतो म्हणून आतल्या खिशात ठेव, वेगळं होकायंत्र ठेव, आणि ढग वर चढताना दिसला की जिथे असशील तिथून परत. सप्टेंबरात स्नोफील्डवरही कधीकधी भेगा उघडतात, लोकांच्या पावलांच्या माळेपासून फार लांब जाऊ नकोस.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला माउंट बेकरच्या बाजूला आर्टिस्ट पॉइंटवरून टार्मिगन रिजच्या वाटेने जा, तिथे वाटेलगतच छोटे पॅच असतात, चढ कमी आणि शोधायची सवय होते. अजिबात चालायचं नसेल तर ओरेगनमध्ये माउंट हूडवर टिंबरलाइनची लिफ्ट उन्हाळ्यातही चालते, त्यात कमीपणा काही नाही, दिवस आधी बघून जा. ग्लेशियरवर मात्र दोर, जोडीदार आणि भेगेतून माणूस बाहेर काढायचं ट्रेनिंग असल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

सामान नवीन घेऊ नकोस. शरद ऋतूत तिकडे जुन्या स्कीचे सेल लागतात, तिथून आखूड, जुने, कोणाला नको असलेले स्की उचल, सप्टेंबरात प्रत्येक फेरीत एखादा दगड तळाला लागतोच आणि नवीन स्कीचा तळ खरवडला की झोप लागत नाही. माझी तसली जोडी इथे गंगापूर रोडच्या गच्चीवर आहे, आई उन्हाळ्यात कुरडयांचं प्लास्टिक उडू नये म्हणून दोन बाजूंना ठेवते, तेवढ्या कामाला अजून भक्कम आहेत. हेल्मेट, बुटांना लावायचे छोटे स्पाइक, हातमोजे उन्हातसुद्धा, कारण हा बर्फ कानशीसारखा सोलतो, आणि आइस ॲक्स, म्हणजे घसरताना बर्फात रोवून थांबायची कुऱ्हाड, घेणार असशील तर आधी सुरक्षित उतारावर दहा-वीस वेळा मुद्दाम पडून थांबायची सवय कर, नाहीतर ते फक्त धारदार वजन आहे. ओल्या बर्फात स्की चिकटतात, गरम हवेत चालणारं वॅक्स तळाला लाव, नसेल तर साधी मेणबत्ती घासली तरी काम भागतं.

इथले दोघं-तिघं विचारतील म्हणून, नाशिकहून निघून हे आपल्याकडे होईल का. सप्टेंबरात जवळजवळ नाहीच. आपण तिकडच्यापेक्षा बरेच दक्षिणेला आहोत, मनाली साधारण ३२ अंशांवर, रेनियर ४७ च्या जवळ, त्यामुळे सप्टेंबरात हिमालयातला बर्फ पाच हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर सरकलेला असतो, तिथे श्वासाचेच वांधे. आणि जुलै-ऑगस्टात मनालीच्या बाजूला पावसाने दरडी कोसळतात. आपला उरलेला बर्फ म्हणजे मे अखेर ते जून. नाशिकरोडहून मंगला नाहीतर पंजाब मेलने दिल्ली, पुढे बसने मनाली. रोहतांग ३,९७८ मीटर, तिथे जूनमध्ये सावलीच्या बाजूला पॅच असतात, परमिट काढावं लागतं. बारालाचा ४,८९० च्या आसपास, जूनमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. पण नाशिकच्या सहाशे मीटरवरून उठून दोन-तीन दिवसांत तिथे उडी मारली की डोकं ठणकणारच, मनालीत दोन दिवस निवांत फिरा, मग वर. स्की आधी शिका, औली, गुलमर्ग किंवा मनालीच्या सरकारी संस्थेचे हिवाळी कोर्स चांगले आहेत. रोहतांगला भाड्याने मिळणारे ते गंजलेले स्की आणि गमबूट म्हणजे फोटोपुरतेच.

आणि तुला एक शेवटचं, बारा महिन्यांचं खूळ डोक्यात शिरलं तर सप्टेंबरपेक्षा ऑक्टोबर जास्त वाईट असतो. ऑक्टोबरात पहिलं वादळ येतं, पंधरा-वीस सेंटीमीटर ताजा बर्फ पडतो, सगळं पांढरंशुभ्र आणि फोटोत हिवाळ्यासारखं दिसतं, ऑफिसातले मित्र म्हणतील चल. त्या पांढऱ्या चादरीखाली सप्टेंबरातल्या त्याच वाट्या, तेच बोगद्याचं छप्पर आणि तीच कातळाजवळची फट असते, फक्त आता काही दिसत नाही आणि पोल ठोकला तरी आवाज दबून येतो. तो महिना मी कायम सप्टेंबरात स्वतः चालून, ठोकून बघितलेल्या पॅचवरच भरायचो, आणि असा पॅच नसेल त्या वर्षी टिंबरलाइनचं लिफ्टचं तिकीट बघायचो.